सुजाताच्या गालातली धग

आमच्या घरात भुताला बंदी नव्हती, भुताचं नाव घेणाऱ्याला होती. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर, त्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर... अंगारा, नजर, मुहूर्त यातलं काहीही उंबऱ्याच्या आत आलं की त्यांचा आवाज चढायचा. मांजर आडवं गेलं म्हणून दारातून परत फिरलेल्या एका पाहुण्याला त्यांनी विचारलं होतं, "तुमी आडवे गेले म्हणून त्या मांजराचं काय झालं असन, हे पाह्यलं काय?" मी त्याच बापाची थोरली लेक. पुढे आयुष्यभर हायस्कूलात विज्ञान शिकवलं.

या सदरातले अनुभव मी वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा 'पित्त झालं असेल' म्हणून पान उलटते. माझं वाचून कोणी तसंच म्हटलं तर माझी तक्रार नाही. पण ही गोष्ट इतकी वर्षं मनात टोचत राहिली आहे, आणि मी तिच्यामागे लावलेलं प्रत्येक कारण थोड्या दिवसांनी गळून पडलं आहे. म्हणून लिहिते.

माझं गाव बेला. आदिलाबाद जिल्हा — तेव्हा आंध्र प्रदेशात, आता तेलंगणात. नदी ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, शाळेच्या इन्स्पेक्टरशी तेलुगू, तहसीलच्या कारकुनाशी उर्दूमिश्रित काहीतरी आणि व्यापाऱ्याशी हिंदी, असं आमचं चालायचं. आणि सगळीकडे कापूस. शहरातल्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे कापूस गोदामात नसतो, घरात असतो. दिवाळीच्या सुमाराला वेचणी सुरू झाली की पुढची खोली आढ्यापर्यंत भरते. भाव चढेपर्यंत तो तिथेच. त्यावर पोरं लोळतात, त्यावरच पाहुणे झोपतात, अंगाला खाज सुटते आणि शिंका थांबत नाहीत. नियम एकच — त्या खोलीत आग न्यायची नाही. बिडी नाही, कंदील नाही.

कारण कापसाची आग निराळी. गवत पेटलं तर दिसतं तरी. कापसात ठिणगी पडली की ती आत शिरते आणि आतल्या आत धुमसत बसते, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त. वरून ढीग पांढरा शुभ्र. पाणी ओतलं तर ते वरच्या वर ओघळून जातं, कारण कच्च्या कापसावर मेणाचा थर असतो... हे मी पुढे पुस्तकात वाचलं. तेव्हा घरात कोणाला माहीत नव्हतं.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा हिवाळा असेल. सुजाता, माझी धाकटी बहीण, सात वर्षांची होती. एका संध्याकाळी वारं सुटलं आणि चुलीतली ठिणगी उडून पुढच्या खोलीत गेली. धूर दिसला तसे शेजारपाजारचे धावले, वरून हंडेच्या हंडे पाणी ओतलं. धूर थांबला. आईनं सगळ्यांना चहा दिला आणि लोक आपापल्या घरी गेले. विझली म्हणाले. आम्हीही विझली म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजातानं नेहमीसारखी माळ्यावरून ढिगावर उडी मारली आणि ती ढिगात नाहीशी झाली. आगीनं रात्रभर आतून कापूस खाऊन पोकळी केली होती. वर फक्त पांढरं झाकण उरलं होतं.

शेजारच्या पार्वतामायनं तिला बाहेर काढलं. ती अंगणात मिरच्या वाळवत बसली होती. किंकाळी ऐकून आली आणि कोपरापर्यंत दोन्ही हात त्या निखाऱ्यांत घालून तिनं पोरीला ओढलं. पार्वतामायचे तळवे भाजले ते कायमचे. सुजाताचा डावा गाल, कानाखालचा भाग आणि मान... आदिलाबादच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती. जीव वाचला. गालावर तांबूस, जाड, दोरखंडासारखी वळलेली कातडी राहिली.

इथपर्यंत अमानवीय काही नाही. अशा गोष्टी आमच्याकडे घडतात.

दोन-तीन वर्षांनी हिवाळ्यातच आम्ही पार्वतामायकडे बसलो होतो. ती शेंगा सोलत होती, मी अभ्यासाचं सोंग करत होते. सुजाता एकदम गालावर हात ठेवून म्हणाली, "माय, माहा गाल जळून राह्यला."

"उन्हातून आली असशीन."

"नाही वं. आतून."

पार्वतामायनं तिच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग मी लावला. तापानं अंग तापतं तसं नव्हतं... कपाळ गार, दुसरा गाल गार, फक्त तो वळलेला डाग तव्यासारखा. सुजाता उठली. कापसाच्या खोलीकडे चार पावलं गेली आणि रडायला लागली, तिथे जास्त जळतं म्हणून. पार्वतामायचा नवरा हसला. पार्वतामाय हसली नाही. तिनं एकटीनं कापूस उपसायला सुरुवात केली आणि ढिगाच्या पोटाशी पोचल्यावर हातभर काळा, लाल डोळे मिचकावणारा गोळा निघाला. कोणाची बिडी, कोणाची ठिणगी, शेवटपर्यंत कळलं नाही. गोळा अंगणात नेऊन विझवला आणि सुजाताचा गाल बघता बघता गार झाला.

बाबांनी त्याच संध्याकाळी कारण सांगितलं. भाजलेल्या कातडीला घाम येत नाही, तिथल्या नसा उघड्या पडतात, धुराचा अगदी बारीक अंश हवेत असेल तर त्यांना चुरचुरतं. मला पटलं. आजही निम्मं पटतं. पण नसांना चुरचुरेल, मान्य... माझ्या हाताला चटका का बसला?

योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं, दुसऱ्याच घरात, आणि मग एका व्यापाऱ्याच्या कापसानं भरलेल्या बैलबंडीजवळून जाताना. गावाला कळायला वेळ लागत नाही. कापूस बाजारात न्यायच्या आधी लोक आमच्या दारात यायला लागले. 'पोरीले जरा ढिगाजवळून फिरवून आणता काय?' आधी विनंती, मग सवय, मग हक्क. कोणी नारळ ठेवून जायचं, कोणी हळद-कुंकू. बाबांचा पारा असा चढायचा की विचारू नका.

"माही पोरगी काय वास घ्याले पाळली काय?" ते दारात उभं राहून ओरडायचे. "देवी करून ठेवता तिले! देवीले शाळा असते काय? देवीले परीक्षा असते काय?"

नारळ मात्र परत घ्यायला कोणी तयार नसायचं. आई त्याची चटणी करायची. "देवीच्या नावाची असो नाहीतर देवाच्या," ती म्हणायची, "फोडणी चांगली बसली पाह्यजे." त्या वर्षांत आम्ही खोबऱ्याची चटणी इतकी खाल्ली की मला अजून तिचा वास नको वाटतो.

आणि सुजाता? ती जायची. न जाऊन काय करणार, शेजारी आग असली तर तिचाच गाल जळणार. मला तिचा राग यायचा, गावाचा यायचा, कधी कधी बाबांचाही. पण तिचा चेहरा पाहिला की सगळा राग गिळायला लागायचा. दिवाळी ते होळी ती नीट झोपायची नाही. ओला रुमाल गालावर, इकडून तिकडे येरझाऱ्या. जेवता जेवता उठायची. कोणी बोलत असलं तरी मान अर्धी वळलेली, काहीतरी ऐकत असल्यासारखी.

बारावीनंतर ती शिक्षिकेच्या कोर्ससाठी आदिलाबादला गेली. आम्हाला वाटलं, गाव सुटलं, सुटका झाली. कसली सुटका... आगीतून फुफाट्यात! आदिलाबाद म्हणजे कापसाचा बाजार. हिवाळाभर रस्त्यावर बंड्या, ट्रक, जिनिंगच्या आवारात डोंगरच्या डोंगर. त्यातलं कुठलं ना कुठलं धुमसत असणारच. होस्टेलमध्ये तिची खोलीतली मैत्रीण तेलुगू होती, ती विचारायची, "एमैंदि सुजाता?" काय झालं म्हणून. सुजाता म्हणायची, दाढ दुखते. त्या मुलीनं पुढे मला सांगितलं, "तुमची बहीण वर्षभर दाढदुखीचं सांगायची आणि पेरू मात्र कचाकचा खायची."

सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरनं डाग तपासला. जुन्या डागाला सूज येते म्हणाले, गोळ्या दिल्या. आणि जाता जाता सांगितलं की नागपूरला आता लेझरचं मशीन आलंय, भाजल्याच्या जाड डागाचा थर त्यानं उतरवतात. पूर्ण जात नाही, पण कातडी मऊ होते, खाज-आग कमी होते.

सुजाता त्या दिवशी बसनं थेट बेल्याला आली. दारातूनच म्हणाली, "बाबा, मले हे काढाचं आहे."

गावात बातमी फिरली की मास्तराच्या पोरीचं लग्न जमतंय म्हणून चेहरा करून घेतात. सुजाता ज्याला त्याला सांगायची, "लग्नासाठी नाही, झोपेसाठी." कोणाला पटायचं नाही. बाईमाणसाच्या चेहऱ्याला लग्नाशिवाय दुसरं काही काम असतं हे लोकांच्या डोक्यात शिरतच नाही.

खरा विरोध आला तो पार्वतामायकडून. ती दोन बायांना घेऊन आली, ओट्यावर बसली, पाणी नको म्हणाली. तिनं पाणी नाकारलं तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही.

"पोरी," ती म्हणाली, "तू शिकाले गेली, आमी काही म्हटलं नाही. हिवाळ्यात सुट्टीले येतं, घरं पाहून जातं, गावाले धीर राह्यते. तू हा डाग काढून टाकशीन तं आमी काय करावं? घराघरात लेकरं झोपतेत कापसावर."

"माय, मले झोप नाही येत."

"समजते मले. पण हा डाग तुह्या एकटीचा नाही आता."

सुजातानं गालावरचा ओला रुमाल काढून हातात घेतला. मग म्हणाली, "जळली तवा मी एकटीच जळली होती, माय."

पार्वतामायनं पदराखाली हात घेतले. तेव्हा मला ते नुसतं रागानं केल्यासारखं वाटलं. ती उठली आणि निघून गेली. त्यानंतर दोन घरांमधलं बोलणं तुटलं. कुंपणावरून वाटी जायची ती बंद झाली. सुजाताला ते गालापेक्षा जास्त लागलं, पण ती मागे हटली नाही.

पंच्याण्णव-शहाण्णवमध्ये आम्ही नागपूरच्या वाऱ्या सुरू केल्या. आदिलाबादहून पांढरकवड्यावरून बस, खडखडाट, उलट्या, धंतोलीतला एक दवाखाना. तरुण डॉक्टर, बोलायला साधा. त्यानं आधीच सांगून टाकलं, "ताई, जादू नाहीये ही. थोडं थोडं करू, मध्ये दोन-तीन महिने जाऊ देऊ." गाल बधिर करायचं इंजेक्शन, डोळ्यांवर झाकणं, ओल्या कापडानं झाकलेले केस. मशीनचा आवाज फारसा नव्हता, पण कातडीवर उजेड पडला की बारीक तडतड व्हायची आणि नर्स एका नळीनं धूर ओढून घ्यायची. तरी वास यायचाच. तो वास मला ओळखीचा होता... मी पहिल्या वेळी बाहेर येऊन जिन्यात ओकले.

मग पट्ट्या, मलम, ऊन टाळायचं, तोंडाला ओढणी. पण खरंच फरक पडला. पहिल्या खेपेनंतर मानेवरचा भाग निवला. दुसऱ्या खेपेनंतर कानाखालचा. त्या हिवाळ्यात जळायचं ते फक्त गालावर मधोमध, एका बोराएवढ्या जागी. सुजाता मला बोट लावून दाखवायची, "आता एवढंच राह्यलं, ताई. सगळं इथं येऊन बसलं."

शेवटची खेप हिवाळा सरता सरता होती. आमचा कापूस अजून घरातच होता. बाबांना भाव पटत नव्हता. आम्ही दोघी आदल्या दिवशी नागपूरला येऊन नातेवाइकांकडे राहिलो आणि सकाळी दवाखान्यात गेलो.

मशीनचं काम नेहमीसारखं झालं. डॉक्टर हात धुऊन गेले. नर्सनं गालावर थंड पाण्याची पट्टी ठेवली आणि आम्हाला बाकावर बसवलं. थोड्या वेळानं सुजातानं माझा हात घट्ट धरला.

"ताई, जळून राह्यलं."

"जळणारच ना गं. आत्ताच तर केलंय. इंजेक्शन उतरलं असेल."

"हे मशीनचं नोहे."

नर्सनं पट्टी बदलली. मी काढलेली पट्टी हातात घेतली... ती गरम होती. नुसती कोमट नव्हे, चहाच्या कपाभोवती गुंडाळल्यासारखी गरम. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, म्हणाले दोन दिवस आग होणारच, घाबरू नका. त्यांचं चुकलं नव्हतं. भाजलेल्या जागेवर पुन्हा भाजल्यावर जळलं तर त्यात नवल ते काय? मीही स्वतःला तेच सांगत होते. पण सुजाताची मान अर्धी वळली होती, तशी, जशी ती लहानपणापासून वळायची. दक्षिणेकडे. घराकडे.

"आई त्या ढिगापाशीच सरकी निवडत बसली असन," ती म्हणाली. "ताई, फोन लाव."

माझी पंचाईत समजून घ्या. एवढ्या लांबून? पाच-सहा तासांच्या बसच्या अंतरावरून? शेजारच्या घरातला धूर नसांना कळतो, हे ताणून ताणून मानता येतं. नागपूरहून बेला नाही मानता येत. आणि फोन करून सांगायचं कोणाला... बाबांना! ज्या माणसानं दहा वर्षं दारात उभं राहून हे सगळं थोतांड म्हणून सांगितलं, त्याला सांगायचं की पोरीचा गाल जळतोय, तर रचलेला कापूस उपसा. मी नाही म्हणत होते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठले.

समोरच एसटीडी बूथ होता. गावातल्या किराणा दुकानात फोन, तिथून बाबांना बोलावणं. ते येईपर्यंत सुजाता बूथच्या काचेला गाल टेकून उभी. काचेवर वाफ धरत होती. फोन तिनंच घेतला.

"बाबा, मी आजलग तुमाले कधी म्हटलं नाही. आज म्हणतो. ढीग खाली करा. तळालग पाहा. आईले बाहेर काढा आधी."

मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, आता व्याख्यान. पण सुजाता फक्त दोनदा "हो" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'तू घाबरू नोको. काढतो.'"

एवढंच. माझ्या बापानं एकही प्रश्न विचारला नाही, याचा मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. पण मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मला खरी भीती वाटली.

ती दुपार कशी गेली ते सांगता येत नाही. नातेवाइकांच्या घरी सुजाता एका जागी बसेना. मोरीवर जायची, पाणी मारायची, खोलीत यायची, परत मोरीवर. मी तिच्या मागे मागे. दिवस कलला तशी ती एकदम खिडकीपाशी थांबली. गालाजवळ हात नेला, पट्टीला लागू न देता तसाच धरला.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"सगळंच. ताई, हात लाव ना."

मी पट्टीच्या कडेनं बोट लावलं. गार होता. रोजच्या माणसाचा असतो तसा. ती पलंगावर बसली आणि बसल्या बसल्या झोपली. मी तिला इतकं गाढ झोपलेलं बालपणानंतर पहिल्यांदा पाहत होते.

तिन्हीसांजेला मी एकटीनं जाऊन फोन केला. बाबांचा आवाज दमलेला होता. "तळालग उकरलं. मी, तुही आई... पार्वताबाईबी आली, न बोलवता. फाया फाया हातानं सुटा केला. काहीच नाही. पांढरा फक. सांग तिले, मशीननंच जळलं." मग म्हणाले, "रागावू नोको तिच्यावर."

मला हुश्श झालं. हसूही आलं. चला, डाग गेला आणि भासही गेला, विज्ञानाचा विजय. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुजाता खिडकीवर डोकं टेकून पार आदिलाबादपर्यंत झोपली आणि मी शाळेत मुलांना हे कसं सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते.

घरी पोचलो तेव्हा अंगणभर, ओसरीभर कापूस. आई कवेत घेऊन तो परत आत टाकत होती. आमच्याकडे बघून हसली, वाकली, आणि पुढची कव उचलताना थबकली.

तिच्या हातात एक काळा गोळा होता. दोन ओंजळी मिळून मावेल एवढा. जळून कोळसा झालेला कापूस, आतून पोकळ, गार.

बाबांनी तो तिच्या हातून घेतला. "हे काल नवतं," ते म्हणाले. "ह्या कापसातून मी दोनदा हात फिरवला. हे काल नवतं."

नजरेतून सुटला असेल, मी म्हटलं. सुटला असेलही. पण मंडळी, मला त्रास देते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या गोळ्याला चिकटलेला कापूस पांढरा होता. पिवळासुद्धा पडला नव्हता, जळका वासही नव्हता. कापसातली आग आपणहून विझत नाही. ती पसरते, शेजारचं करपवते, घर खाते. ही आग एवढंच खाऊन थांबली होती. का थांबली?

आईनं गोळा परत मागून घेतला, उलटून पाहिला आणि सुजाताला म्हणाली, "तुहं होतं हे. निघालं."

"काहीतरी नोको बोलू," बाबा म्हणाले. नेहमीचं वाक्य. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

पुढचे कित्येक रविवार बाबांनी परसात बादलीत कापूस ठासून, आत निखारा पुरून पाहिला. निवृत्तीनंतर म्हाताऱ्याला खेळ सुचलाय म्हणून आई चिडवायची. एक तर सगळं जळून राख व्हायचं, नाहीतर पाणी ओतावं लागायचं, आणि दर वेळी भोवतीचा कापूस करपून तपकिरी. तसा गोळा त्यांना एकदाही जमला नाही. मूळ गोळा त्यांनी काचेच्या बरणीत ठेवला होता. ती बरणी आता माझ्याकडे आहे.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढच्या हिवाळ्यात, सगळे शेतावर असताना, पार्वतामायचं घर पेटलं. माणूस कोणी दगावलं नाही. कापूस गेला, छप्पर गेलं, पुढची खोली गेली. आणि गावानं काय म्हणायचं ते म्हटलंच. मास्तराच्या पोरीनं चेहरा गोरा केला अन् शेजारीण उघड्यावर आली. असं म्हणणाऱ्या दोन बायांशी मी भांडले, त्यातल्या एकीशी अजून बोलत नाही.

सुजाता तेव्हा आदिलाबादच्या पुढे इचोड्याला शाळेवर लागली होती. तिला तिथं काहीच जाणवलं नव्हतं. त्या दिवशी ती दुपारभर मुलांच्या वह्या तपासत बसली होती, गाल गार. निरोप मिळाल्यावर सुट्टी काढून आली आणि पिशवी हातात घेऊनच पार्वतामायच्या दारात गेली. मी मागे. काळ्या पडलेल्या भिंतीला टेकून पार्वतामाय बसली होती. वर्ष-दीड वर्ष या दोघी बोलल्या नव्हत्या.

सुजाता तिच्यासमोर खाली बसली. "माय, मले कळलंच नाही वं."

पार्वतामायनं तिच्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता शिव्या बसतील, आणि बसल्या तर मी काय बोलणार? पण तिनं काजळीचे हात पदराला पुसले आणि आपला तो भाजून गुळगुळीत झालेला तळवा सुजाताच्या गालावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"थंड हाये वं," ती म्हणाली. "तुले काढलं त्या दिवसापासून ह्या हातात तुहा गाल जळूनच राह्यला होता, पोरी. कोनाले सांगू? हिवाळा आला की हात पदराखाली घेऊन बसाची मी. आज थंड लागला."

सुजाता तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. "घर काय," पार्वतामाय तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "घर बांधता येते."

मी नंतर वाचलं, शोधलं, दोन डॉक्टरांना विचारलं. जुन्या डागाच्या नसा, मनाचा भास, आमच्या घरातलं वातावरण, नजरचूक... प्रत्येक उत्तर गोष्टीचा एक तुकडा झाकतं आणि दुसरा उघडा पडतो. सगळं झाकणारं उत्तर मला मिळालं नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणत, "कारण असते. आपल्याले माहीत नाही, एवढंच." मी पण तेच म्हणते. म्हणताना पूर्वीएवढा जोर राहत नाही.

सुजाता आता छान झोपते. तिचा डाग नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. सवय लागली आहे ती मला. कापसाचे दिवस आले की मला एका जागी बसवत नाही, आणि ती भेटायला आली की काहीतरी निमित्त काढून माझा हात तिच्या गालाकडे जातो. केस सारायचे, पावडर जास्त लागली म्हणायचं. तिला हे केव्हाच कळलंय. मागच्या हिवाळ्यात तर ती दारातून आत आली, चपला काढल्या, माझा हात धरून स्वतःच गालावर ठेवला आणि म्हणाली, "थंड आहे, ताई. आता चहा ठेव."